घरगुती सेप्टिक टँकसाठी सबमर्सिबल एफ्लुएंट पंप कसा निवडावा

सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारे पाणी स्वतःच्या उताराने शोषखड्ड्यापर्यंत किंवा झिरपचरांपर्यंत पोहोचत असेल, तर तेथे पंप बसवू नये. विजेवर चालणारे यंत्र कधी ना कधी बंद पडणारच, आणि सांडपाण्याच्या बाबतीत ते बंद पडणे म्हणजे मैला घरात उलटून येण्याची शक्यता. पंपाची खरी गरज तीन परिस्थितींत निर्माण होते. झिरपचर टाकीपेक्षा उंचावर असतात, ते इतके दूर असतात की पुरेसा उतार मिळत नाही, किंवा जमीन अशी असते की पाणी सर्व चरांत सारख्या प्रमाणात, थोडे-थोडे आणि दाबाने सोडावे लागते.

गरज निश्चित झाल्यावर बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो अश्वशक्तीचा: अर्धा एचपी पुरेल की एक एचपी घ्यावा? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. अश्वशक्तीवरून मोटर किती जोर लावते एवढेच समजते. तुमच्या पाइपमधून, तुमच्या उंचीवर, मिनिटाला किती पाणी पडेल हे तिच्यावरून कळत नाही. पाणी कोणते, ते किती वेगाने हवे, किती उंचीवर आणि किती लांब न्यायचे, आणि एका वेळी किती सोडायचे, या प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने मिळवली की पंप जवळजवळ आपोआप ठरतो.

पंपापर्यंत कोणते पाणी येते

सेप्टिक टँकमध्ये जड पदार्थ तळाशी गाळ होऊन बसतात, तेल-तूप आणि हलके पदार्थ वर तवंग धरतात, आणि मधला थर तुलनेने निथळलेला असतो. एफ्लुएंट पंप याच मधल्या थरातील पाण्यासाठी बनवलेला असतो. तो टाकीनंतरच्या वेगळ्या चेंबरमध्ये किंवा टाकीच्या शेवटच्या कप्प्यात बसतो, आणि साधारण १२ ते १९ मिलिमीटरपर्यंतचे कण त्यातून पार होऊ शकतात. प्रत्यक्षात एवढे मोठे कण त्याच्यापर्यंत येणे अपेक्षित नसते. ती सुरक्षिततेसाठी ठेवलेली जागा असते.

दुकानात याच्या शेजारी आणखी तीन प्रकार ठेवलेले असतात आणि बाहेरून ते बरेचसे सारखे दिसतात. सांडपाणी पंप, ज्याला सीवेज पंप म्हणतात, साधारण ५० मिलिमीटरचे घन पदार्थ उचलतो आणि टाकीपूर्वीच्या कच्च्या मैल्यासाठी असतो. ग्राइंडर पंप मैला दळून बारीक करतो आणि लहान व्यासाच्या पाइपमधून तो दूरच्या गटारवाहिनीत ढकलतो. तळघरात झिरपलेले पाणी उपसणारा साधा पंप स्वच्छ पाण्यासाठी असतो; त्याचे सील, केबल आणि स्क्रू सेप्टिक चेंबरमधील वायूंना तोंड देण्यासाठी बनवलेले नसतात. यांपैकी ग्राइंडर पंप ‘अधिक ताकदवान, म्हणजे अधिक सुरक्षित’ या समजुतीने घेतला जातो, तेव्हा सर्वाधिक नुकसान होते. दळलेला मैला पाण्यात इतका बारीक मिसळतो की तो नीट खाली बसत नाही, आणि तो चरांपर्यंत पोहोचल्यास मातीची छिद्रे बुजतात. पंप बदलता येतो, पण बुजलेले झिरपक्षेत्र पूर्ववत करणे अत्यंत कठीण असते.

म्हणून सेप्टिक टँकच्या बाहेर जाणाऱ्या तोंडावर गाळणी आहे का, हे पंप घेण्यापूर्वीच पाहावे. १.५ ते ३ मिलिमीटरच्या फटींची गाळणी बसवली तर पंपाचे आणि चरांचे आयुष्य दोन्ही वाढते. टाकीतला गाळ बऱ्याच काळात काढलेला नसेल, तर तोही आधी काढून घ्यावा. गाळाने भरलेल्या टाकीच्या पुढे बसवलेला कोणताही पंप लवकर तुंबणारच.

मिनिटाला किती पाणी हवे

येथे दोन वाटा फुटतात. पाणी केवळ वर चढवून वाटप-पेटीत सोडायचे असेल आणि तेथून ते उताराने चरांत जाणार असेल, तर प्रवाहाच्या बाबतीत बरीच मोकळीक असते. मिनिटाला ५० ते १०० लिटर प्रवाह घरगुती वापरासाठी सहसा पुरतो, कारण पंप दिवसातून फक्त काही मिनिटे चालणार असतो.

चरांतील पाइपना बारीक छिद्रे पाडून दाबाने पाणी वाटायचे असेल, तर मात्र प्रवाह छिद्रांवरून ठरतो. ३ मिलिमीटरच्या छिद्रावर १.५ मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब असेल, तर त्यातून मिनिटाला सुमारे १.४ लिटर पाणी बाहेर पडते. अशी ४० छिद्रे असतील तर पंपाने मिनिटाला सुमारे ५५ लिटर दिलेच पाहिजेत. त्याहून कमी दिले तर जवळच्या छिद्रांतून पाणी येईल आणि शेवटची छिद्रे कोरडी राहतील, म्हणजे दाबाने वाटण्याचा उद्देशच फसेल.

याच टप्प्यावर पाइपचा व्यासही विचारात घ्यावा. पाण्यातील बारीक कण पाइपमध्ये बसून राहू नयेत यासाठी वेग सेकंदाला किमान ०.६ मीटर असावा. आतून ५० मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये हा वेग मिळण्यासाठी मिनिटाला सुमारे ७० लिटर लागतात. ४० मिलिमीटरच्या पाइपमध्ये ४५ लिटर पुरतात. म्हणजे वर सांगितलेल्या ५५ लिटरच्या रचनेसाठी ४० मिलिमीटरचा पाइप योग्य ठरतो आणि ५० मिलिमीटरच्या पाइपमध्ये हळूहळू गाळ साचू लागतो. मोठा पाइप नेहमीच चांगला असतो असे नाही.

हेडची मोजणी

पंपाला पाणी किती जोराने ढकलावे लागेल हे मीटरमध्ये सांगण्याची रीत म्हणजे हेड. एकूण हेडमध्ये तीन गोष्टींची बेरीज येते: प्रत्यक्ष उंची, पाइपमधील घर्षण, आणि शेवटच्या टोकाला हवा असलेला दाब.

उंची मोजताना होणारी चूक फार सामान्य आहे. लोक जमिनीच्या पातळीपासून चरांपर्यंतची उंची मोजतात आणि चेंबरची खोली विसरतात. मोजमाप पंप बंद होतो त्या सर्वांत खालच्या पाण्याच्या पातळीपासून सुरू करावे आणि पाइपच्या मार्गातील सर्वांत उंच बिंदूपर्यंत न्यावे. पाइप वाटेत एखाद्या उंचवट्यावरून जाऊन पुन्हा खाली उतरत असेल, तर पाणी आधी त्या उंचवट्यावर चढवावेच लागते. तेथे हवा अडकू नये म्हणून हवा सोडणारा व्हॉल्व्हही लागतो.

घर्षणाच्या बाबतीत मात्र अंदाजाने चालत नाही, कारण व्यासात थोडासा फरक पडला तरी आकडे फार झपाट्याने बदलतात. मिनिटाला १०० लिटर पाणी पीव्हीसी पाइपमधून जात असेल, तर १०० मीटर लांबीमागे आतून ५० मिलिमीटर व्यासाला सुमारे १.८ मीटर, ४० मिलिमीटरला सुमारे ५.२ मीटर, आणि ३२ मिलिमीटरला १५ मीटरहून अधिक हेड घर्षणात जाते. व्यास निम्मा केला तर घर्षण जवळजवळ तीसपट होते, आणि प्रवाह दुप्पट केला तर सुमारे साडेतीनपट. बेंड, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारी झडप) आणि बॉल व्हॉल्व्ह यांचे घर्षणही असते. प्रत्येक जोडणी म्हणजे अमुक मीटर अधिकचा सरळ पाइप असे धरून ते लांबीत मिळवले जाते, आणि त्याचे तक्ते पाइप बनवणाऱ्यांकडे मिळतात. व्यास नेहमी आतला धरावा, कारण पाइपवर छापलेला आकडा बहुधा बाहेरचा किंवा नाममात्र असतो.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. पंप बंद होण्याच्या पातळीपासून वाटप-पेटीपर्यंत उंची ५ मीटर, पाइपची लांबी ६० मीटर, आणि जोडण्यांचे मिळून ९ मीटर, म्हणजे हिशेबाची लांबी ६९ मीटर. पेटीत पाणी मोकळे पडणार असल्याने शेवटच्या टोकाला दाब नको. मिनिटाला १०० लिटरसाठी ५० मिलिमीटरच्या पाइपमध्ये घर्षण १.२ मीटर होते आणि एकूण हेड ६.२ मीटर येते. हीच रचना ४० मिलिमीटरमध्ये केली तर एकूण हेड सुमारे ८.६ मीटर होते, आणि ३२ मिलिमीटरमध्ये १५ मीटरच्या पुढे जाते. तिन्ही वेळा घर तेच, टाकी तीच, आणि तरीही तीन वेगवेगळे पंप लागतील. म्हणूनच पाइप ठरण्यापूर्वी पंप विकत घेऊ नये.

पंपाचा आलेख वाचणे

पंपाच्या खोक्यावर ‘कमाल हेड’ आणि ‘कमाल डिस्चार्ज’ असे दोन मोठे आकडे छापलेले असतात. हे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. कमाल हेडला प्रवाह शून्य असतो, म्हणजे पाणी पाइपमध्ये त्या उंचीपर्यंत चढते आणि तेथेच थांबते. कमाल डिस्चार्ज मिळतो तेव्हा हेड जवळजवळ शून्य असते. या दोन टोकांच्या मधला आलेख हाच खरा पंप. विक्रेत्याकडे आलेख नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकातून तो मिळवावा, आणि कोठेच मिळत नसेल तर तो पंप घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

आपल्या उदाहरणात आलेखावर ६.२ मीटरच्या रेषेवर पंप मिनिटाला १०० लिटर किंवा थोडे अधिक देतो का, हे पाहावे. ‘थोडे अधिक’ म्हणजे १० ते २० टक्के. हा बिंदू आलेखाच्या मधल्या भागात असावा. अगदी डाव्या टोकाला असेल तर पाइप थोडा तुंबताच प्रवाह थांबेल, आणि अगदी उजव्या टोकाला असेल तर पंप गरजेपेक्षा मोठा आहे.

गरजेपेक्षा मोठा पंप का नको, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. अपकेंद्री पंपाला जितके कमी हेड मिळेल तितके तो अधिक पाणी फेकतो आणि तितकाच अधिक करंट घेतो. म्हणजे १५ मीटरसाठी बनवलेला पंप ६ मीटरवर चालवला तर मोटरवर ताण कमी पडत नाही, उलट वाढतो. शिवाय चेंबर पटकन रिकामे होते, पंप पुन्हा पुन्हा चालू-बंद होतो, आणि वेगाने आलेले पाणी वाटप-पेटीत उसळून एकाच चरात अधिक जाते. पंप थोडासा मोठा झालाच असेल, तर चेंबरमधील बाहेर जाणाऱ्या पाइपवरचा व्हॉल्व्ह थोडा आवळून प्रवाह कमी करता येतो आणि त्याने करंटही उतरतो. पण हा उपाय फार मोठ्या फरकासाठी नाही.

हेड २५-३० मीटरच्या पुढे जात असेल, तर एकाच इंपेलरच्या (पाणी फेकणाऱ्या फिरत्या चक्राच्या) साध्या पंपाऐवजी विहिरीच्या पंपासारखा अनेक टप्प्यांचा उभा पंप विचारात घ्यावा. तो कमी विजेत उंच चढवतो, पण त्याच्या आतल्या वाटा अगदी अरुंद असतात. त्याला जाळीच्या नळकांड्यात बसवल्याशिवाय वापरता येत नाही.

एका वेळी किती पाणी सोडायचे

पाच माणसांच्या घरात रोज सुमारे ७५० लिटर सांडपाणी होते असे धरू. ते एकदम सोडण्याऐवजी १५० लिटरच्या पाच हप्त्यांत सोडले, तर मातीला प्रत्येक हप्ता पिण्यास आणि पुन्हा हवा घेण्यास वेळ मिळतो. मातीतील जिवाणूंना ही हवा आवश्यक असते; सतत भिजलेल्या चरात चिकट थर वाढतो आणि झिरपणे मंदावते. दाबाच्या रचनेत एक जादा अट असते: प्रत्येक हप्ता छिद्रांच्या पाइपमध्ये मावणाऱ्या पाण्याच्या किमान पाचपट असावा, नाहीतर हप्त्याचा बराचसा वेळ पाइप भरण्यातच जातो.

१.२ मीटर व्यासाच्या गोल चेंबरमध्ये १ सेंटिमीटर पाण्याची उंची म्हणजे ११ लिटरहून थोडे अधिक. म्हणून १५० लिटरसाठी चालू आणि बंद पातळ्यांत सुमारे १३ सेंटिमीटर अंतर लागते. मिनिटाला १०० लिटरने पंप दीड मिनिट चालेल, आणि ते योग्यच आहे. एक मिनिटापेक्षा कमी वेळाची आवर्तने मोटरला चांगली नाहीत, कारण सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट घेते आणि तापते.

आता नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा की नाही, हा प्रश्न येथे मिटतो. हा व्हॉल्व्ह नसेल तर पंप बंद झाल्यावर पाइपमधील पाणी परत चेंबरमध्ये येते. ५० मिलिमीटरच्या पाइपमध्ये मीटरला जवळजवळ २ लिटर पाणी मावते, म्हणजे ६० मीटरच्या पाइपमधून सुमारे ११८ लिटर परत येतील. १५० लिटरचा हप्ता देण्यासाठी मग दर वेळी २६८ लिटर उचलावे लागतील आणि पातळ्यांतील अंतर २४ सेंटिमीटर करावे लागेल. त्यामुळे लांब पाइप असेल तेथे व्हॉल्व्ह बसवावा. जेथे थंडीत जमीन गोठते तेथे मात्र पाइप रिकामा होणेच हिताचे असते, आणि तेथे व्हॉल्व्ह न बसवता हप्त्याचा हिशेब वाढवून घेतात.

व्हॉल्व्ह बसवला असेल तर पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यामधील पाइपला ५-६ मिलिमीटरचे एक छिद्र पाडावे लागते, अन्यथा पंपात हवा अडकून तो नुसताच फिरत राहतो. काही पंपांत हे छिद्र मुळातच दिलेले असते, माहितीपत्रक पाहावे. आणखी एक परिस्थिती वारंवार दुर्लक्षिली जाते: पाइपचे शेवटचे टोक चेंबरमधील पाण्यापेक्षा खाली असेल, तर पंप थांबल्यावरही वक्रनलिकेच्या तत्त्वाने पाणी वाहत राहते आणि चेंबर पार उपसले जाते. तेथे सर्वांत उंच ठिकाणी हवा आत घेणारा व्हॉल्व्ह हवाच.

फ्लोट आणि धोक्याची घंटा

पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच म्हणजे फ्लोट स्विच. पंपापेक्षा तो आधी बिघडतो, हे ध्यानात ठेवून त्याची निवड करावी. पंपाला जोडूनच आलेला दोरीचा फ्लोट स्वस्त पडतो, पण तो बिघडला की काही मॉडेलांत पूर्ण पंप बाहेर काढावा लागतो. ज्याच्या प्लगच्या पाठीमागे पंपाचा प्लग बसतो असा वेगळा फ्लोट घेतला तर तो एकटा बदलता येतो आणि तपासणीसाठी पंप थेटही चालवता येतो. अरुंद चेंबरमध्ये, जेथे दोरीचा फ्लोट भिंतीला अडकू शकतो, उभ्या दांड्यावरचा फ्लोट घ्यावा.

हप्ता नेमका हवा असेल तर बंद, चालू आणि धोका या तीन पातळ्यांसाठी तीन स्वतंत्र फ्लोट आणि एक नियंत्रण पेटी हीच चांगली रचना. फ्लोट पाण्याच्या पाइपला न बांधता स्वतंत्र दांड्यावर बांधावेत, म्हणजे पंप न हलवता ते वर घेता येतात. धोक्याची घंटा पंपाच्या सर्किटवर जोडू नये. पंपाचा ब्रेकर पडला की घंटाही मुकी होते, आणि नेमके तेव्हाच ती वाजायला हवी असते. धोक्याच्या पातळीच्या वर चेंबरमध्ये साधारण एका दिवसाचे पाणी मावेल एवढी जागा राहावी, १.२ मीटर व्यासाच्या चेंबरमध्ये ७५० लिटरसाठी ती सुमारे ६६ सेंटिमीटर होते. एवढी जागा नसेल, किंवा वीज वरचेवर जात असेल, तर मोठे चेंबर किंवा आळीपाळीने चालणारे दोन पंप यांचा विचार करावा. अर्थात वीज गेल्यावर दोन पंपही थांबतात, तेव्हा तेथे चेंबरच मोठे हवे.

बांधणीत काय पाहावे

सेप्टिक चेंबरमधील हायड्रोजन सल्फाइड ओलसर पृष्ठभागांवर जिवाणूंमुळे गंधकाम्लात बदलतो. म्हणून पाण्याखालच्या भागांपेक्षा पाण्याच्या रेषेवरचे स्क्रू, साखळ्या आणि जोडण्या आधी गंजतात. बीड धातूचे आवरण मोटरची उष्णता पाण्यात चांगली सोडते. प्लॅस्टिकचे आवरण गंजत नाही, पण उष्णता कमी सोडते, त्यामुळे ते लहान मोटरला ठीक. स्क्रू आणि शाफ्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. तेलात बुडालेली मोटर थंड राहते आणि तिचे बेअरिंगही वंगणात राहते. फिरत्या शाफ्टपाशी मोटरमध्ये पाणी शिरू न देणारा मेकॅनिकल सील सिलिकॉन कार्बाइडचा असेल तर बारीक रेतीपुढे तो कार्बन-सिरॅमिक सीलपेक्षा अधिक टिकतो. मोटरमध्ये तापमान वाढल्यावर आपोआप बंद करणारे संरक्षण असावे. बंद होण्याची पातळी इतकी खाली ठेवू नये की मोटर उघडी पडेल, कारण सभोवतीचे पाणी हाच तिचा थंडावा असतो.

केबल चेंबरच्या बाहेर अखंड पोहोचेल एवढी लांब मागून घ्यावी. चेंबरच्या आत जोड देऊ नये. केबल ज्या नळीतून पेटीकडे जाते ती नळी वायू जाणार नाही अशी बंद करावी, नाहीतर तोच वायू नियंत्रण पेटीतील तांब्याचे संपर्क खाऊन टाकतो. पंपाला स्वतंत्र सर्किट, योग्य अर्थिंग आणि गळती-संरक्षक स्विच असावा. घरापासून चेंबर दूर असेल तर केबलची जाडी व्होल्टेज-घट मोजून ठरवावी, कारण कमी व्होल्टेजवर सुरू होणारी मोटर लवकर जळते. हे काम परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

बसवणे आणि पहिली चाचणी

पंप चेंबरच्या तळावर थेट न ठेवता १० ते १५ सेंटिमीटरच्या पक्क्या ठोकळ्यावर ठेवावा. उचलण्यासाठी नायलॉनचा दोर किंवा स्टेनलेस साखळी बांधावी. केबलला धरून पंप कधीही उचलू नये, त्याने केबलच्या तोंडाचे सील सुटते. पाइपवरचे युनियन (खोलता येणारा जोड) आणि व्हॉल्व्ह झाकणाजवळ, हात पोहोचेल अशा उंचीवर घ्यावेत, म्हणजे दुरुस्तीसाठी कोणालाही आत उतरावे लागणार नाही. हा मुद्दा सोयीचा नाही, जिवाचा आहे. या चेंबरमध्ये प्राणवायू कमी आणि हायड्रोजन सल्फाइड अधिक असू शकतो, आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते. पडलेल्याला काढायला उतरलेला दुसराही माणूस त्यातच दगावतो, असे पुन्हा पुन्हा घडले आहे. चेंबरमध्ये डोके घालून वाकू नये, आणि झाकण मुलांना उचलता येणार नाही असे कुलूपबंद असावे.

सर्व बसवून झाल्यावर चेंबर स्वच्छ पाण्याने चालू पातळीपर्यंत भरावे, पंप चालू होऊन बंद होईपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजावा आणि पाणी किती सेंटिमीटर उतरले ते पट्टीने मोजावे. उतरलेल्या सेंटिमीटरना प्रतिसेंटिमीटर लिटरने गुणून मिनिटांनी भागले की खरा प्रवाह मिळतो. आलेखावरून अपेक्षित असलेल्या आकड्यापेक्षा तो फार कमी आला, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का, हवा अडकली आहे का, उंची नीट मोजली होती का, हे या क्रमाने तपासावे. फार जास्त आला, तर हेड हिशेबापेक्षा कमी भरले आहे किंवा पाइप कोठेतरी निखळला आहे. त्याच वेळी चालू असतानाचा करंटही मोजून घ्यावा आणि दोन्ही आकडे तारखेसह पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावेत. वर्षातून एकदा हीच चाचणी केली की प्रवाह घटत असल्यास इंपेलर झिजला आहे की पाइपमध्ये गाळ साचला आहे, याचा शोध पाणी तुंबण्यापूर्वीच सुरू करता येतो.